लाळ-खुरकूत गोठ्याबाहेर ठेवायची तर : नाशिक जिल्ह्यातल्या नव्या पशुपालकांसाठी

सिन्नर तालुक्यात आमचा गोठा आहे. सुरुवातीच्या दिवसांत आमच्याकडे चार गाई होत्या. पाचवी बाजारातून आणली. दिसायला देखणी, दुसऱ्या वेताची, कास भरलेली. संध्याकाळी टेम्पोतून उतरवली आणि थेट इतर गाईंच्या दावणीला बांधली. घरच्यांनी ओवाळलं, कुंकू लावलं. चौथ्या दिवशी तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. सातव्या दिवशी पाचही गाई वैरणीला तोंड लावेनात. त्या आठवड्यात आमची दोन वासरं गेली. त्यातलं एक सकाळी दूध पिऊन उड्या मारत होतं आणि दुपारी गोठ्याच्या कोपऱ्यात मरून पडलेलं होतं.

ती गाय आणली तेव्हा आजारी दिसत नव्हती. लाळ-खुरकुतीबद्दल पहिल्यांदा समजून घ्यायचं ते हेच. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जातात, आणि लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच जनावराच्या लाळेतून, श्वासातून, दुधातून विषाणू बाहेर पडू लागतो. म्हणजे लाळ दिसली तेव्हा रोग शेजारच्या दावणीला पोचलेला असतो. म्हणून या रोगाविरुद्धचं खरं काम सगळं गोठ्यात काहीच दिसत नसतानाच्या दिवसांत करायचं असतं. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं तीन चतुर्थांश त्या दिवसांसाठी आहे.

आधी रोग ओळखा

आपल्याकडे याला लाळ्या-खुरकत, खुरकूत, जुने लोक तोंडखुरी-पायखुरी असंही म्हणतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, म्हणजे खूर दुभंगलेल्या सगळ्या जनावरांना तो होतो. घोड्या-गाढवांना होत नाही. सुरुवात तापाने होते. गाईचं निरोगी तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, या रोगात ते १०४ ते १०६ पर्यंत चढतं. दूध एकदम उतरतं. मग जिभेवर, हिरड्यांवर, ओठांच्या आत फोड येतात, ते फुटून लालभडक चट्टे पडतात, कधी जिभेची सालच्या साल हातात येते. जनावर मचमच आवाज करत लाळ गाळतं. खुरांच्या बेचक्यात फोड आले की पाय झटकतं, लंगडतं, बसलं की उठत नाही. सडांवर फोड आले तर धार काढू देत नाही आणि तिथून दगडीची (कास सुजून कडक होण्याची) भीती.

एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन), जर्सी या विदेशी आणि त्यांच्या संकरित गाईंना रोग जोरात येतो. इगतपुरी-त्र्यंबककडची डांगी जनावरं काटक. त्यांना झाला तर बऱ्याचदा थोडी लाळ, एखादा दिवस लंगडणं, एवढ्यावर निभावतं. मालकाला वाटतं काटा लागला असेल. शेळ्या-मेंढ्यांचंही तसंच. आजार सौम्य दिसला तरी त्यांच्या अंगातून विषाणू पडतच असतो, हे विसरू नका. घोटीच्या बाजारातून डांगी बैलजोडी आणलीत आणि घरी एचएफ गाई असतील, तर ‘गावरान आहे, त्याला काय होतंय’ हा विचार महागात पडतो.

मोठी जनावरं या रोगाने सहसा मरत नाहीत. वासरं मरतात, कारण विषाणू त्यांच्या हृदयाच्या स्नायूवर जातो. तोंडात फोड यायच्या आधीच वासरू कोसळतं. आमच्याकडे झालं ते हेच होतं, पण ते आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

लंपी हा वेगळा रोग. त्यात अंगभर गाठी येतात, तो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो आणि त्याची लसही वेगळी. ‘मागच्या महिन्यात लस दिली होती की’ असं म्हणताना कोणती दिली होती ते बघा. घरातल्या लहान मुलांना हात-पाय-तोंडावर फोड येण्याचा जो आजार होतो, त्याचाही याच्याशी संबंध नाही. आजारी गाईची सेवा बिनधास्त करा, तुम्हाला काही होत नाही. फक्त तुमचे हात आणि कपडे दुसऱ्याच्या गोठ्यात रोग नेतात.

पायरी १ : नवं जनावर दावणीला नाही, वेगळं बांधा

खरेदी करताना दात, सड, वेत बघतो तसा कानातला बिल्लाही बघा. पिवळ्या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो. तो भारत पशुधन या सरकारी प्रणालीत नोंदलेला असतो आणि त्यावरून जनावराला कधी कोणती लस दिली ते कळतं. आपल्या दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षकाला किंवा डॉक्टरांना क्रमांक दिला की ते बघून सांगतात. बिल्ला नसलेलं जनावर स्वस्त मिळत असलं तरी घेऊ नका. महाराष्ट्रात २०२४ पासून खरेदी-विक्रीसाठी बिल्ला बंधनकारक केला आहे, तो याचसाठी.

व्यवहार ठरायच्या आधी तोंड उघडून जीभ बघा, खुरांची बेचकी बघा. खुरावर आडवी, नखाला पडते तशी रेघ किंवा भेग दिसली तर काही आठवड्यांपूर्वी जनावराला खुरकूत होऊन गेली असण्याची शक्यता असते. शक्य असेल तर बाजाराऐवजी ओळखीच्या गोठ्यातून घ्या. बाजारात जनावर निरोगी येऊन तिथे रोग घेऊन जाऊ शकतं, कारण एका खुंट्याला दिवसभरात दहा जनावरं बांधली जातात आणि पाण्याचा हौद सगळ्यांचा एकच. टेम्पो भरण्याआधी धुतलेला आहे का ते विचारा. आदल्या फेरीतलं शेण पाट्यांवर वाळलेलं असेल तर तुमच्यासमोर धुवायला लावा. यात संकोच करू नका.

घरी आणल्यावर किमान २१ दिवस, जमलं तर २८ दिवस, जनावर वेगळं बांधा. वेगळं म्हणजे त्याच छपराच्या दुसऱ्या टोकाला नाही. लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, वेगळी गव्हाण, वेगळी बादली, वेगळा खराटा. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी मळ्यातल्या आंब्याखाली खुंटी ठोकली तरी चालतं. आधी घरच्या गाईंची धार, वैरण, शेण उरका. मग नव्या गाईकडे जा. तिच्याकडून परत येताना हात-पाय धुवा, सदरा बदला. या दिवसांत रोज एकदा थर्मामीटर लावा. गुदद्वारात लावायचा साधा थर्मामीटर मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतो आणि गोठ्यातलं याच्याइतकं कामाचं दुसरं साधन मला माहीत नाही. फोड दिसायच्या आधी ताप सांगतो. लशीचा इतिहास कळला नाही तर याच दिवसांत डॉक्टरांकडून लस घ्या, आणि तिला कळपात सोडायचं ते लस लागू पडल्यावर, म्हणजे दोन-तीन आठवडे उलटल्यावर.

पायरी २ : लस

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ‘लस दिली होती तरी रोग आला’ हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी खोदून विचारलं की कुठेतरी गाळलेली जागा सापडते.

या रोगाच्या विषाणूचे जगात ७ मुख्य प्रकार आहेत. आपल्या देशात ओ, ए आणि एशिया-१ हे तीन महत्त्वाचे, आणि आपल्याकडच्या लशीत तिन्ही असतात. एका प्रकाराने रोग होऊन गेला तरी दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण मिळत नाही. त्यामुळे ‘आमच्या गाईला एकदा होऊन गेलाय, आता होत नाही’ हे खरं नाही. लशीत मारलेला विषाणू असतो, त्यातून रोग होत नाही. लस दिल्यानंतर दोन-चार दिवसांत एखाद्या गावात रोग फुटला तर तो आधीच अंगात मुरत होता, असं समजा.

पहिली लस वासराला ४ महिने पूर्ण झाल्यावर. चीकातून आईची प्रतिकारशक्ती वासरात आलेली असते, ती अंगात असताना लस नीट लागू पडत नाही, म्हणून थांबायचं. त्यानंतर महिन्याभराने बूस्टर. मग आयुष्यभर दर ६ महिन्यांनी. या लशीचं संरक्षण देवीच्या लशीसारखं वर्षानुवर्षं टिकत नाही, सहा महिन्यांत ओसरू लागतं.

आता ती गाळलेली जागा. सरकारी मोहीम वर्षातून दोनदा गावात येते. समजा मोहीम आली तेव्हा तुमची कालवड ३ महिन्यांची होती. तिला लस दिली नाही, आणि ते बरोबरच होतं. पुढची मोहीम येईल तेव्हा ती ९ महिन्यांची झालेली असेल. म्हणजे पाच महिने ती पूर्ण उघडी. आणि तेव्हा एक टोचा मिळाला तरी बूस्टर द्यायला महिन्याने कोणी येत नाही, तुम्ही बोलावल्याशिवाय. म्हणजे कागदावर गाव लसवंत आणि प्रत्येक गोठ्यात दोन-तीन वासरं मोकळी. रोग त्यांच्यातूनच शिरतो, आणि मरतातही तीच. यावर उपाय एकच. वासरू जन्मलं की त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ४ महिन्यांनंतरची आणि ५ महिन्यांनंतरची तारीख लिहा. त्या दोन तारखांना तुम्ही स्वतः दवाखान्यात जा.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसला राहायला हवी. गोठली तरी खराब, तापली तरी खराब. खासगीत लस आणत असाल तर बर्फाच्या डब्यातून आणा, पण बाटली थेट बर्फाला चिकटवू नका. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेली लस म्हणजे नुसतं पाणी टोचणं. लसीकरणाला आलेल्या कर्मचाऱ्याला ‘डबा दाखवा, बर्फ आहे का’ असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. जे मन लावून काम करतात त्यांना हा प्रश्न आवडतो. प्रत्येक जनावराला वेगळी सुई हवी. एका सुईने सगळी दावण टोचणं म्हणजे एकाचा रोग सगळ्यांना.

जंताचं औषध आठ-पंधरा दिवस आधी देऊन ठेवलं तर लस चांगली लागू पडते. अशक्त, तापलेल्या जनावराला त्या दिवशी लस नको, बरं झाल्यावर आठवणीने द्या. गाभण गाईला लस चालते, मात्र शेवटच्या दिवसांत भरलेली असेल तर पकडून-दाबून इजा होऊ नये म्हणून डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि व्याल्यावर ती राहून जाऊ देऊ नका.

लशीनंतर दोन-चार दिवस दूध थोडं उतरतं, कुणाला ताप येतो, टोचलेल्या जागी गाठ येते. याच भीतीने पुष्कळ लोक मोहिमेच्या दिवशी जनावरं मळ्यात नेऊन बांधतात. रोग आला तर दूध आठवडेच्या आठवडे जातं, आणि कित्येक गाई त्या वेतात पुन्हा मूळ दुधावर येतच नाहीत. चार दिवसांच्या त्या दोन लिटरसाठी एवढी जोखीम घेऊ नका.

पायरी ३ : गोठ्याकडे येणाऱ्या वाटा

विषाणूला पाय नाहीत, तो आपल्या पायांनी येतो. आपल्या जिल्ह्यात तो कुठून कुठून येतो, हे एकदा शांतपणे बसून मोजायला हवं.

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते. लांबून आलेल्या टोळ्यांचे बैल रस्त्याकडेला, पाटाच्या पाण्यावर, आपल्या बांधाशेजारी मुक्कामाला असतात. उसाचं वाढं स्वस्त मिळतं म्हणून आपण थेट अड्ड्यावरून आणतो. तिथल्या बैलाने तोंड घातलेलं वाढं आपल्या गव्हाणीत पडलं की काम झालं. वाढं आणायचंच तर फडातून, तोडल्या जागेवरून, सरळ आपल्या गाडीत आणा. आणि त्या बैलांना लस मिळावी यासाठी ग्रामपंचायतीने दवाखान्याला कळवावं. ती माणसंही आपल्यासारखीच जनावरांवर जगणारी आहेत. त्यांच्या बैलाला खुरकूत झाली तर त्यांचा अख्खा हंगाम बुडतो.

मेंढ्यांचे कळप शेतात बसवायची आपली जुनी रीत आहे, खतासाठी ती चांगलीच. पण कळप बसलेल्या रानात लगेच गाई चरायला सोडू नका आणि एकाच हौदावर पाणी पाजू नका.

शेणखताचा विचार फारसा कोणी करत नाही. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांना छाटणीच्या सुमारास ट्रॉल्यांनी शेणखत येतं, लांबलांबच्या गोठ्यांतून. ताज्या शेणात विषाणू टिकून राहतो, थंडीच्या दिवसांत तर जास्तच. ज्यांच्याकडे बाग आणि गाई दोन्ही आहेत त्यांनी खताची ट्रॉली गोठ्याजवळ रिकामी करू नये. ढीग लांब घाला, ओला करून झाका, काही आठवडे तापू द्या. ढिगाच्या आतली उष्णता विषाणू मारते.

मुरघासाची भीती नको. चांगल्या मुरलेल्या मुरघासाचा सामू (पीएच) ४ च्या आसपास असतो आणि ६ च्या खालचा आंबटपणा या विषाणूला सोसत नाही.

दूध संकलनाची गाडी, कृत्रिम रेतन करणारा, खाद्यवाला, जनावरांचा व्यापारी आणि डॉक्टर हे सगळे रोज अनेक गोठे फिरतात. दुधाचे कॅन फाट्यावर नेऊन द्या, संकलनाची गाडी गोठ्यापर्यंत येऊ देऊ नका. रेतनासाठी, उपचारासाठी येणाऱ्यांसाठी गोठ्याच्या तोंडाशी पाय बुडवायला उथळ टोपलं ठेवा. व्यापाऱ्याला गोठ्यात नेऊच नका, गाय बाहेर आणून दाखवा.

त्या टोपल्यात काय घालायचं? बहुतेक लोक फिनाईल घालतात. शेणाच्या घाणीत फिनाईल या विषाणूवर फारसं चालत नाही. तो मरतो आंबटाने किंवा खाराने. सगळ्यात सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे किराणा दुकानातला धुण्याचा सोडा. १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम, म्हणजे ४ टक्के द्रावण. खायचा सोडा नव्हे, कपड्यांचा. आधी बूट घासून शेण काढायचं, मग सोड्यात बुडवायचं. शेण न काढता बुडवलं तर आतला विषाणू तसाच राहतो. टोपल्यातलं पाणी रोज बदला. गोठ्याची जमीन, गव्हाण, खुंटे, टेम्पोच्या पाट्या याच द्रावणाने धुता येतात. अॅल्युमिनियमच्या कॅनवर मात्र ते ठेवू नका, धातू खराब होतो.

द्राक्षाच्या बागेचा फवारणी पंप सोड्याचं पाणी मारायला सोयीचा वाटतो. पण ज्या टाकीत कीटकनाशक भरलं होतं ती गोठ्यात आणू नका, कितीही धुतली तरी. त्यासाठी वेगळा पाठीवरचा पंप घ्या आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘गोठा’ असं रंगवून ठेवा.

पायरी ४ : संशय आला तर

सकाळी एखाद्या गाईने लाळ गाळलेली दिसली तर तिथेच थांबा. तिला हलवायच्या आधी विचार करा. तिच्या दोन्ही बाजूंची जनावरंही आता संशयितच आहेत, त्यांना चांगल्या गाईंत नेऊन बांधू नका. हलवायची ती निरोगी वाटणारी, लांबची जनावरं आणि सगळी वासरं. वासरांना आजारी गाईचं दूध तोंडाने पिऊ देऊ नका. पाजायचंच तर उकळून, कोमट करून पाजा.

मग फोन. आपल्या दवाखान्याला करा, किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर करा. ग्रामपंचायतीलाही कळवा. प्राण्यांमधील संक्रामक रोगांबाबतचा २००९ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार रोगाची खबर देणं आणि आजारी जनावर वेगळं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. आजारी जनावर बाजारात नेणं गुन्हा आहे. डॉक्टर आले की जिभेवरच्या फोडाच्या सालीचा नमुना घ्यायला सांगा. कोणत्या प्रकारचा विषाणू फिरतोय हे प्रयोगशाळेतूनच कळतं. पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि भुवनेश्वरला या एकाच रोगासाठी राष्ट्रीय संस्था आहे.

लपवू नका. ‘दूध बंद करतील, नाव खराब होईल’ म्हणून लोक लपवतात आणि रात्रीतून आजारी गाय व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात. आमच्याकडे आली ती गाय कुणीतरी अशीच मोकळी केलेली होती. त्या माणसावर मी आता चिडत नाही, पण आमच्या वासरांची आठवण जात नाही.

विषाणूवर औषध नाही. जे करायचं ते जनावराला सोसता यावं म्हणून. तोंड दिवसातून दोन-तीनदा धुवा, पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने किंवा लिटरभर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवून. मग बोरोग्लिसरीन लावा. नाचणीचं पीठ मधात कालवून जिभेवर लावतात, त्यानेही आराम पडतो. पेठ-सुरगाण्याकडे नाचणी घरात असतेच. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ जिरे, मेथी, मिरी, हळद, लसूण, खोबरं आणि गूळ यांचं वाटण सुचवतं. आम्ही ते दिलं आहे, गाई आवडीने चाटतात.

खायला मऊ द्या. भाताची पेज, पातळ आंबील, कोवळं गवत, बारीक केलेला ओला मका. कडबा कुट्टी तोंडात काट्यासारखी टोचते. मात्र भूक लागलेली दिसते म्हणून पीठ-पेंड भरमसाट देऊ नका, पोट बिघडतं. पाणी सतत समोर हवं, थोडा गूळ-मीठ घालून.

खूर कोरडे ठेवा. चिखलात उभं करायची जुनी रीत काही ठिकाणी आहे, त्याने जखमा चिघळतात आणि खूर गळून पडायची वेळ येते. वाळकं गवत किंवा उसाचं पाचट अंथरा. खुरांच्या बेचक्या रोज धुवा, मोरचुदाचं एक टक्का पाणी चालतं, मग माश्या बसू नयेत म्हणून कडुनिंबाचं तेल लावा. अळ्या पडल्या तर डॉक्टरांना दाखवा. ताप, वेदना आणि जखमांतल्या दुसऱ्या जंतूंसाठीची इंजेक्शनं त्यांनीच द्यायची, दुकानातून आणून स्वतः टोचायची नाहीत. धार सोडू नका. सड दुखत असले तरी हळुवार मुठीने कास रिकामी करा, नाहीतर दगडी होते. आजारी गाईची धार सगळ्यात शेवटी.

बैलाला लाळ थांबली म्हणून लगेच औताला जुंपू नका. हृदयावर ताण आलेला असतो. महिनाभर तरी विसावा द्या, अगदी पेरणी तोंडावर असली तरी. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घ्या.

गावातल्या बाकीच्या निरोगी गोठ्यांना या वेळी लस देता येते. ती बाहेरून आत देत यायची. म्हणजे आधी लांबचे गोठे, मग जवळचे. टोचणारा माणूस आजारी गोठ्यातून निरोगी गोठ्यात जाता कामा नये.

पायरी ५ : रोग गेल्यावर

शेवटचं जनावर बरं झाल्यापासून किमान ४ आठवडे काही विकू नका, काही आणू नका, दुसऱ्याच्या वळूकडे नेऊ नका. गव्हाणी खरवडून सोड्याच्या पाण्याने धुवा, उरलेली वैरण जाळा, जमिनीचा वरचा थर काढून चुना पसरा. ऊन लागू द्या.

बरी झालेली काही जनावरं घशात विषाणू महिनोन्महिने बाळगतात. त्यांच्यापासून रोग पसरल्याचं क्वचितच दिसतं, तरी लस चुकवायची नाही. काही गाई आयुष्यभर उन्हात धापा टाकतात, केस लांब वाढतात, उलटत राहतात, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाहीत. अशा गाईला सावली आणि पंखा द्यावा लागतो. फसवून विकू नका, घेणाऱ्याला खरं सांगा.

एका गोठ्याने होत नाही

आपल्या आजोबांच्या पिढीने बुळकांडी, म्हणजे गाई-म्हशींची जीवघेणी साथ, पाहिली होती. गावंच्या गावं ओस पडायची. लसीकरणाने ती भारतातून गेली. १९९५ नंतर इथे ती दिसली नाही, २००६ मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये जग. लाळ-खुरकूत त्यापेक्षा चिवट आहे. बुळकांडीचा विषाणू एकाच प्रकारचा होता आणि लशीचं संरक्षण जन्मभर टिकायचं. इथे प्रकार अनेक आणि संरक्षण सहा महिन्यांचं. ब्रिटनमध्ये २००१ साली हा रोग आटोक्यात आणायला साठ लाखांहून जास्त जनावरं मारली. आपल्याकडे ते होणार नाही आणि होऊही नये. म्हणून आपल्याला लशीचाच रस्ता आहे.

११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १२,६५२ कोटी रुपयांचा, लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (गाभ पाडणारा सांसर्गिक रोग) या दोन रोगांसाठी. उद्दिष्ट २०३० पर्यंत लाळ-खुरकुतीच्या उच्चाटनाचं. लस मोफत आहे. लसवंत आणि रोग होऊन गेलेलं जनावर रक्ताच्या तपासणीतून वेगळं ओळखता येतं, त्यामुळे गावात विषाणू खरंच फिरतोय का हे शोधता येतं. नमुने घ्यायला पथक आलं तर जनावर धरून द्या.

पण हे सगळं तेव्हाच चालतं जेव्हा गावातल्या दहापैकी आठ-नऊ जनावरांना एकाच आठवड्यात लस मिळते. तुम्ही तुमच्या गाई चोख लसवंत ठेवल्यात आणि शेजारच्या आज्जींची एकुलती एक म्हैस राहिली, तर रोगाला गावात पाय ठेवायला तेवढी म्हैस पुरते. मोहिमेच्या आदल्या संध्याकाळी वस्तीवर एक फेरी मारा. कुणाला जनावर धरायला माणूस नाही, कुणाची म्हैस मारकी आहे, कुणाचं वासरू आता चार महिन्यांचं झालंय, ते विचारा. आमच्या वस्तीवर आम्ही तिघं-चौघं हे करतो. सकाळी सातला, धारा झाल्या की, जनावरं घरासमोर बांधलेली असावीत, बिल्ल्याचे क्रमांक वहीत उतरलेले असावेत आणि लस देणाऱ्यांसाठी चहा आणि साबण-पाणी तयार असावं. त्या आठवड्यात जी राहिली त्यांची नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची आणि आठ दिवसांनी पुन्हा डॉक्टरांना बोलवायचं. मागच्या खेपेला त्या पानावर अकरा नावं होती, त्यातली सात वासरं होती.